झिंगीचं पोट

पवनीच्या ढिवर मोहल्ल्यात रेवताबाईला सहसा कुणी सल्ला विचारत नसे. विचारला की आधी आपली अक्कल निघायची आणि मग सल्ला मिळायचा. चाळीस वर्षं बाजारात मासोळी विकलेली बाई ती. गिऱ्हाईक टोपलीवर वाकायच्या आधीच तिला कळे, की हा मरळ घेणार का नुसतं बोट लावून पुढे जाणार. माणसांकडेही ती तशीच पाहायची. ताजं कोण, शिळं कोण, आणि शिळं असून बर्फावर ठेवून ताजं दाखवलेलं कोण. जग बहुतेक तिसऱ्या प्रकारानेच भरलं आहे, असं तिचं ठाम मत होतं.

पाच वर्षांपूर्वी नवरा मनिराम गेला आणि तिने बाजार सोडला. मुलगा लिलाधर वैनगंगेवर जाऊ लागला. तो सकाळी ओलं जाळं आणून घरासमोरच्या छपराखाली, सपरीत टाकायचा आणि रेवताबाई त्याची फाटतूट दुरुस्त करत दुपारपर्यंत तिथेच बसायची. फाटका भाग मांडीवर ओढायचा, त्यातली जुनी गाठ दाताने तोडून थुंकायची, बांबूच्या सुईने निळ्या नायलॉनचा धागा भरायचा, गाठ मारायची, उरलेलं टोक दाताने तोडायचं आणि थू करून बाजूला टाकायचं. तोंड रिकामं झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाबद्दल एक वाक्य बोलायचं. मग पुढची गाठ.

गाठ तिची माहेरची होती. बाकीच्या बाया एक वेढा देऊन ओढतात, रेवताबाई दोन वेढे देऊन उलटी फिरवायची आणि मग आवळायची. तशी गाठ अख्ख्या मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. ती कुणाला शिकवतही नव्हती. ज्याला येत नाही त्याच्या हाताला अक्कल नाही, एवढं सांगून ती मोकळी व्हायची.

अशा या बाईला जगात एकाच जिवाचं कौतुक होतं, ते म्हणजे झिंगी नावाच्या मांजरीचं. मनिरामच्या मयतीच्या आठवड्यात, घरात चूल पेटत नव्हती तेव्हा, ही कुठून तरी आली आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या त्याच्या मोठ्या जाळ्यावर जाऊन झोपली. ते जाळं मनिरामने दोन पावसाळे बसून विणलं होतं. मासोळीचा वास मुरलेलं जाळं उंदराला मोठं गोड लागतं. शेजारच्या गोमाजीचं नवंकोरं जाळं उंदरांनी दोन दिवसांत चाळणी करून टाकलं होतं. मनिरामच्या जाळ्याचा एक धागा तुटला नाही, तो झिंगीमुळे. रेवताबाईचा तिच्यावर जीव होता. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही, पण चांगल्या रोहूचं डोकं कुणाच्या ताटलीत पडतं हे पाहणाऱ्याला कळायचंच.

सून ज्योत्सना हे रोज पाहत होती. ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, बपेऱ्याची. तिच्या माहेरी नवरात्रात जवारा बसवतात. टोपलीत माती भरून गहू पेरायचे, जवळ अखंड दिवा ठेवायचा, नऊ दिवस जपायचं आणि नवमीला डोक्यावर घेऊन नदीत सोडायचं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासूने घट बसवू दिला नव्हता. टोपलीत गहू उगवून देवी पावली असती तर सारे कास्तकार केव्हाच स्वर्गात गेले असते, हे रेवताबाईचं उत्तर. यंदा लिलाधरने आईपुढे तोंड उघडलं, ते आठवड्याभराने मिटलं, पण घट बसला. मागच्या खोलीत, कोपऱ्यात. ज्योत्सनाने नऊ दिवसांचा उपास धरला आणि मांजर आत जाऊ नये म्हणून खोलीचं दार लोटून ठेवायला सुरुवात केली. रेवताबाईने नाक मुरडलं. तिच्या घरात झिंगीला बंद असलेलं हे पहिलं दार होतं.

पाचव्या माळेला झिंगीने रोहूचं डोकं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुपारी सपरीत उलटायचा प्रयत्न केला, पण पिवळ्या फेसाशिवाय काही निघालं नाही. संध्याकाळी ती खाटेखाली जाऊन पोट जमिनीला लावून बसली.

रेवताबाईला कारण शोधायला वेळ लागला नाही. सून आली त्या दिवसापासून झिंगीला दुधात बिस्किटं बुडवून घालत होती. नदीकाठच्या मांजरीला बिस्किटं! ती पदर खोचून निघाली आणि अंधार पडायच्या आत मोहल्ल्यातल्या सात घरी सांगून आली, की बपेऱ्याच्या पोरीने आपल्या मांजरीचं पोट नासवलं. देवीपुढे दिवा लावते आणि मुक्या जिवाला मारते, असंही पुस्ती जोडून सांगितलं. आपलं झाकायचं आणि दुसऱ्याचं वाकून पाहायचं ही लोकांची रीत, पण रेवताबाईला झाकण्यासारखं आपल्याकडे काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. सातव्या घरी, कोपऱ्यावरच्या रुखमिणीबाईकडे, चहा मिळाला म्हणून तिथे जरा जास्तच सांगितलं. रुखमिणीबाई म्हणजे मोहल्ल्याच्या जवाऱ्याची मुख्य, नवमीला सगळ्यांत पुढे चालणारी. तिच्या कानात टाकलेली गोष्ट नदीपार जाते.

ज्योत्सनाच्या कानावर ते दुसऱ्या दिवशी नळावर आलं. फोन करून तिने जनावरांच्या दवाखान्यात विचारलं. डॉक्टर लसीकरणाच्या फेरीवर होते, दसऱ्यानंतर भेटणार होते. मग भंडाऱ्याला घेऊन जाऊ, असं तिने सुचवलं. रेवताबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीत मांजर घालून बसमध्ये बसलेली आपली मूर्ती तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि ती पाहून हसणारं गावही.

"मांजरीले घेऊन भंडाऱ्याले जाऊ? मंग म्हशीले इमानात बसवजो," ती म्हणाली.

तिने डब्यातून मुरुडशेंग काढली. तान्ह्या लेकराच्या पोटात मुरडा आला की जंगलातली ही पीळ पडलेली शेंग पाण्यात उगाळून चाटवतात. तिने लिलाधरला चाटवली होती, लिलाधरच्या बापाला त्याच्या आईने चाटवली होती. झिंगीला मांडीत दाबून तिने दोन बोटं जिभेवर लावली. झिंगीने डोकं झटकलं आणि सगळं औषध रेवताबाईच्या लुगड्यावर उडालं. तिसऱ्या खेपेला थोडं आत गेलं. रात्री पुन्हा तोच पिवळा फेस. शेंग जुनी झाली असेल, असं रेवताबाईने ठरवलं. शेंग चुकली असेल हे तिच्या मनात आलं नाही.

सातव्या माळेला लक्ष्मणराव मास्तर आपण होऊन आले. मास्तर समोरच्या गल्लीतले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. शाळेत होते तेव्हा पोरांना बेरीज नीट शिकवता आली नाही, पण निवृत्त होताच त्यांना अख्खा आयुर्वेद येऊ लागला. अंगणात अकरा कुंड्या, प्रत्येक कुंडीला चिठ्ठी. फोनवर एक ग्रुप, त्यात रोज सकाळी एका पाल्याचा फोटो. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला कसला तरी लेप लावला होता आणि महिनाभर काठी घेऊन हिंडले होते. त्यानंतरही लोक त्यांच्याकडे जात, कारण मास्तर पैसे घेत नसत. फुकटचं औषध आणि फुकटचा सल्ला, दोन्ही लोकांना पचतात असं रेवताबाई म्हणायची.

त्यांच्या हातात बाटली होती. सुंठ, ओवा, बडीशेप, हिंग आणि लसूण आठपट पाण्यात आटवून केलेला काढा. मार्जारवर्गीय प्राण्यांचा जठराग्नी मंद झाला की तो प्रदीप्त करावा लागतो, असं त्यांनी सपरीत उभं राहून सांगितलं. रेवताबाईने तोंडातला धागा तोडला आणि थू केलं.

"मास्तर, मांजरीनं तुमाले बलावलं का?"

मास्तर हसले. अशा बोलण्याची त्यांना सवय होती, चाळीस वर्षं बायकोशी संसार केला होता. ज्योत्सना दारातून म्हणाली की लसूण मांजरीला चालत नाही, तिने फोनवर वाचलं आहे, विषासारखा चढतो. मास्तर म्हणाले की फोनवर काहीही लिहिलेलं असतं. स्वतः रोज फोनवर काय लिहितात ते त्यांना त्या क्षणी आठवलं नसावं.

आता खरं म्हणजे रेवताबाईला मास्तरांच्या काढ्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण सुनेने नको म्हटलं होतं. सुनेचं ऐकून मास्तरांना परत पाठवायचं की मास्तरांचं ऐकून सुनेला गप्प करायचं, यात तिला फार विचार करावा लागला नाही. "पाजा," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा सावरला, एका हाताने झिंगीची मान धरली आणि दुसऱ्या हाताने चमचा पुढे केला. तीन दिवस खाटेखाली मेल्यासारखी पडलेली मांजर अशी उसळली की चमचा गोमाजीच्या अंगणात गेला. मास्तरांच्या मनगटावर चार रेघा उमटल्या आणि पांढऱ्या सदऱ्यावर बाटलीतला निम्मा काढा सांडला. तरी थोडा झिंगीच्या तोंडात गेलाच. तिच्या तोंडाला फेस आला, लाळ गळू लागली, ती भिंतीला घासत घासत मागे गेली. जठराग्नी प्रदीप्त होतो आहे, असं मास्तर मनगट चोखत म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी स्वतःला हळद लावली.

एरवी रेवताबाई या गोष्टीवर महिनाभर हसली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही. झिंगी रांजणामागे जाऊन बसली होती. हात लावला तर अंगाची कातडी ढिली लागत होती, डोळ्यांत चमक नव्हती. काढा पाजायला आपणच सांगितलं आणि कशासाठी सांगितलं हेही तिला चांगलं माहीत होतं. रेवताबाई तिच्याजवळ फरशीवर बसून राहिली. संध्याकाळी जेवली नाही. लिलाधरने विचारलं तर उपास आहे म्हणाली. उपासांना नावं ठेवण्यात जिचा जन्म गेला, ती असं म्हणाली.

आठव्या माळेची दुपार. लिलाधर झोपला होता. ज्योत्सना घटाला पाणी शिंपडून आरतीसाठी फुलं आणायला शेजारी गेली आणि घाईत मागच्या खोलीचं दार उघडंच राहिलं. रेवताबाई सपरीत जाळं घेऊन बसली होती. हात चालत नव्हता म्हणून ती पाणी प्यायला आत आली, तेव्हा झिंगी रांजणामागे नव्हती.

ती मागच्या खोलीत होती. दिव्याच्या उजेडात टोपलीतला जवारा वीतभर वाढलेला, पिवळसर हिरवा. झिंगीने पुढचे दोन पाय टोपलीच्या काठावर ठेवले होते आणि मान वाकडी करून, डोळे मिटून ती गव्हाची पाती चावत होती. तीन दिवस तिच्या तोंडात आपण होऊन काही गेलं नव्हतं. आता ती एकेक पातं दाढेखाली धरून ओढत होती, जणू कुणी तिला सांगून ठेवलं होतं की हेच खा.

रेवताबाईने टाळी वाजवायला हात उचलला. तीन वर्षं सुनेने मागितलेला घट होता तो. घटाला मांजराने तोंड लावलं तर लोक काय म्हणतात हे तिला माहीत होतं. ती देवीला मानत नव्हती, पण लोकांना पुरती ओळखत होती. तिने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. दारात उभी राहून ती नुसती पाहत राहिली. खा बाई, एवढंच तिच्या मनात आलं, सगळं खा.

मागे काचेच्या बांगड्या वाजल्या. ज्योत्सना फुलांची ताटली घेऊन उभी होती. तिने आधी टोपलीकडे पाहिलं, मग सासूकडे.

"तुमी पाहून राहिल्या होत्या?"

"हो."

"हाकललं काहून नाई?"

रेवताबाईला चाळीस वर्षांत पहिल्यांदा शब्द शोधावा लागला. "तीन दिसानं खाऊन राहिली होती," ती म्हणाली.

ज्योत्सनाने ताटली खाली ठेवली. तिने मांजरीला हात लावला नाही. टोपलीचा एक बाजूचा जवारा पार बुडाशी गेला होता. मग झिंगी खाली उतरली, दोन पावलं चालली, पाठीची कमान केली आणि पोटातून आवाज काढू लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळेला भसकन सगळं बाहेर आलं. चघळलेल्या पात्यांचा चोथा आणि त्यात गुंडाळलेला बोटभर लांबीचा केसांचा गोळा. झिंगीने त्याच्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरली आणि खाली बसून पंजा चाटू लागली.

गोळ्यातून काहीतरी निळं बाहेर आलं होतं.

ज्योत्सनाने अगरबत्तीची काडी घेतली, खाली बसून गोळा उकलला. निळा नायलॉनचा धागा निघाला. एक टोक, मग दुसरं, मग गुंता झालेले चार-पाच तुकडे. एका तुकड्याला गाठ होती. मासोळीच्या पाण्यात भिजलेल्या जाळ्यातून कापलेली, सपरीत थू करून टाकलेली गाठ. दोन वेढे आणि उलटी फिरवून आवळलेली.

"ही तुमची गाठ व्हय ना, आई?" ज्योत्सनाने विचारलं.

विचारण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. बाजारात खराब मासोळी हातात धरून गिऱ्हाईक विचारतं, ही आजची का, तसं ते होतं. उत्तर दोघींनाही दिसत होतं. ज्योत्सनाने फरशी पुसली, पाण्याने धुतली आणि घटासमोर बसून आरती केली. रेवताबाईने तो धागा उचलून पदराच्या टोकाला बांधला. कशासाठी बांधला ते तिलाही सांगता आलं नसतं. लपवायचा असता तर चुलीत घालता आला असता.

संध्याकाळी झिंगीने भाताची पेज चाटली, सकाळी झिंग्यांची दोन डोकी खाल्ली. नळावर ही बातमी गेली आणि तासाभरात मास्तर सपरीसमोर हजर झाले. मनगटाला पट्टी होती, चेहऱ्यावर वरात होती. दोन चमच्यांत काम झालं, असं त्यांनी रस्त्यावरच्या तिघांना थांबवून सांगितलं. झिंगीचा फोटो काढला, तोही तिच्या शेपटीकडून, पुढून जायची छाती नव्हती. तो ग्रुपवर गेला. पवनीतल्या आणखी दोन मांजरींसाठी मागणी आली आहे, असं म्हणत ते लसूण आणायला बाजाराकडे वळले.

रेवताबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या या माणसाला ती तिथेच सोलून मिठाला लावू शकली असती. पण तुमच्या काढ्याने नाही म्हणायचं, तर मग कशाने ते सांगावं लागलं असतं. आणि काय झालं होतं तेही. ती जाळ्यात मान घालून बसली. जन्मात पहिल्यांदा मास्तर तिच्यासमोरून तिच्या जिभेचा ओरखडा न घेता गेले, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण कोपऱ्यावर त्यांनी एकदा वळून पाहिलं.

नवमीची दुपार. मोहल्ल्यातल्या सहा बाया डोक्यावर जवाऱ्याच्या टोपल्या घेऊन वैनगंगेच्या घाटाकडे निघाल्या, पुढे रुखमिणीबाई. देवीची गाणी म्हणत बाया पायऱ्या उतरल्या आणि टोपल्या ओळीने मांडल्या. पाच टोपल्यांत जवारा दाट, सहावीत एका बाजूला नुसती माती आणि चावलेले खुंट. ज्योत्सनाने त्यावर झेंडूची फुलं पसरली होती, ती वाटेत सरकली होती. रेवताबाई एरवी घाटावर आली नसती. ती सगळ्यांच्या मागे, वरच्या पायरीवर उभी होती.

रुखमिणीबाईने सहाव्या टोपलीसमोर गाणं थांबवलं. तिने वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "हे का केलं वं पोरी? उष्टा घट देवीले चालत नाई. मुक्या जिवाले मारत होतीस, म्हनून देवीनं असं दाखवलं."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने आपली टोपली जरा बाजूला सरकवली. ज्योत्सना मान खाली घालून टोपलीचा काठ धरून बसली. तिने सांगितलं असतं तर सांगता आलं असतं. तिला गाठ दिसली होती, धागा कुणाच्या पदराला आहे हेही माहीत होतं. ती बोलली नाही. तिने मागे वळून वरच्या पायरीकडेही पाहिलं नाही, आणि रेवताबाईला तेच सहन झालं नाही.

ती पायऱ्या उतरून खाली आली. रुखमिणीबाईचं ते वाक्य कुठून आलं होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. चहाच्या कपाबरोबर तिनेच ते ठेवून दिलं होतं.

"हिनं नाई मारली," ती म्हणाली. पदर पुढे घेऊन तिने गाठ सोडली आणि निळा धागा तळहातावर धरला. "मी मारत होती. हा माह्या हातचा धागा, सपरीत मीच थुकला. मांजरीच्या पोटात गेला. हिच्या घटातला जवारा खाऊन उलटला, तवा मांजर वाचली. तुमच्या देवीले तो घट चालला नाई, तं मंग कोनता चालते?"

रुखमिणीबाईने तळहाताकडे पाहिलं, मग बायांकडे. पण ज्या बाईने जन्मात आपली चूक कबूल केली नव्हती, तिने ती घाटावर चारचौघींत केली होती, आणि हे उष्ट्या घटापेक्षा मोठं अक्रीत होतं. रुखमिणीबाईने गाणं पुन्हा सुरू केलं. सहाही टोपल्या पाण्यात गेल्या.

परतताना सासू-सुना मागे राहिल्या. रेवताबाईला वाटत होतं, आता ही काही तरी गोड बोलेल. पाया पडेल कदाचित. त्याची तिने तयारीही केली होती, कसं झिडकारायचं याची. मोहल्ल्याच्या तोंडाशी आल्यावर ज्योत्सना थांबली.

"आई, त्या दिवशी तुमी सात घरी सांगून आल्या होत्या."

"घाटावर सांगितलं ना आता."

"घाटावर सहा बाया होत्या. त्यातली तुमच्या सात घरची रुखमिणी मामी एकटीच." ज्योत्सनाने रिकामी टोपली या हातातून त्या हातात घेतली. "जशा तवा गेल्या होत्या तशाच जा. घरोघरी. मी सयपाक करतो तवापर्यंत."

रेवताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. तीन वर्षं ही पोरगी तिने शिळ्यात धरली होती. असं रोखून पाहणं, आवाज न चढवता असं मोजून बोलणं तिने बाजारात एकाच बाईत पाहिलं होतं, आणि ती बाई म्हणजे ती स्वतः. तिला राग आला, पण त्या रागाला कुठे जायला वाट नव्हती.

पहिलं घर मास्तरांचं होतं. फाटकाशी उभी राहिल्यावर लसूण उकळल्याचा उग्र वास आला. कोणाच्या तरी मांजरीसाठी काढा आटत होता. मास्तर गळ्यात टॉवेल टाकून हसत बाहेर आले. आभार मानायची गरज नाही, सेवा आहे, असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसाले नाई आली," रेवताबाई म्हणाली. तिने धागा पुढे धरला. "आधी तो गॅस बंद करा. मंग आयका."

सांगून होईपर्यंत मास्तरांचा चेहरा उतरला होता. रेवताबाईला त्यांना आणखी चार शब्द सुनावायची आयती संधी होती, पण ज्या तोंडाने ही कबुली दिली त्याच तोंडाने ते येईनात. ती फाटकाबाहेर आली आणि पुढच्या घराकडे जायच्या आधी तिने सहज आपल्या घराकडे पाहिलं. ज्योत्सना स्वयंपाक सोडून सपरीत उभी होती. सपरी झाडून स्वच्छ केलेली, कोपऱ्यात धाग्यांसाठी झाकणाचा एक डबा ठेवलेला, कडेवर झिंगी. दोघीही तिच्याकडेच पाहत होत्या, आणि सात घरं होईपर्यंत ज्योत्सना आत गेली नाही.